कोट

देपालपूरला बसस्टँडच्या मागे, खताच्या दुकानावरच्या माडीत
बाबांचा स्टुडिओ होता आणि स्टुडिओत एक कोट.
काळा, इंदूरहून शिवून आणलेला, कुणाच्याच मापाचा नाही.
सैल झाला तर पाठीमागे कपड्यांचे चिमटे,
घट्ट झाला तर पाठीची शिवण उसवलेली होतीच.
कॅमेऱ्याला पाठ दिसत नाही,
हे मला शाळेत जायच्या आधी कळलं.

पडदा रंगवला होता सरवटे स्टँडजवळच्या एका पेंटरने.
राजवाडा काढ म्हटलं. त्याने काढला,
पण कापड कमी पडलं, सात मजल्यांपैकी पाचच मावले.
तक्रार कुणी केली नाही.

मंडीत लसणाची ट्रॉली खाली करून लोक वर यायचे.
नखांतली माती, देवीचे व्रण, रात्रभराच्या जागरणाचे डोळे,
सगळं बाबा निगेटिव्हवर पेन्सिलीने भरून काढायचे.
मी शेजारी बसून टोक करून द्यायची.
माडीभर हायपोचा आणि खालून युरियाचा वास.
पाटीदारांचे तीन भाऊ एकाच दुपारी त्या एका कोटात बसून गेले,
धाकट्याच्या वेळी कॉलर ओली होती.
हार्डवेअरवाल्या बोहऱ्यांचा जावई तेवढा स्वतःचा कोट घालून आला,
आणि नेमका त्याचाच फोटो हलला.

अजून त्या बाजूला कुणाकडे गेले की
भिंतीवर आधी तो कोट ओळखू येतो.
मग हार. मग माणूस.

गेंदाबाई आली ती हाटाच्या दिवशी, भर उन्हात.
पदराच्या गाठीतून तिने लग्नानंतरचा फोटो काढला:
खुर्चीत ती, मागे उभा नवरा,
त्याचा हात तिच्या खांद्यावर.
तो पीथमपूरला गेला होता, मग सुरतेला,
मग कुठे ते कुणाला सांगता येईना.
म्हणाली, यातून याला काढा, मला एकटीचा पाहिजे.

बाबांनी जुने डबे उपसून निगेटिव्ह शोधली.
दोन रात्री ब्लेडने खरवडत, रंग लावत
त्याच्या जागी राजवाड्याचे मजले बांधत गेले.
डोकं गेलं, मिशा गेल्या, कोटाची बटणं एकेक करून गेली.
हात मात्र निघेना.
काढायला जावं तर खांदा जात होता,
खांद्यासोबत साडीचा काठ, मग गळ्याची बाजू.

तिसऱ्या दिवशी तिने प्रिंट उजेडाकडे धरली.
मागे कुणी नाही, फक्त पाच मजले,
आणि खांद्यावर काळी बाही, बाहीतून चार बोटं.
बाबा खाली बघत म्हणाले, जमलं नाही.
ती म्हणाली, रेवा दो बाबूजी.
बाही तर तुमच्याच कोटाची आहे.
आणि हात तरी त्याने कुठे ठेवला होता,
तुम्हीच उचलून ठेवला होता ना,
म्हणाला होतात, असा, जरा जवळ, हलू नका.

पैसे बाबांनी घेतले नाहीत. तिने टेबलावर ठेवलेच.
त्यानंतर ते कुणाचा हात उचलून कुठे ठेवत नसत.
लोक विचारायचे, हाताचं काय करू?
बाबा काळ्या कापडाच्या आतून म्हणायचे,
बघा, तुम्हाला वाटेल तसं.
त्या वर्षांतले सगळे फोटो जरा अवघडलेले आहेत.

माडी आता मोबाइलच्या कव्हरांची आहे.
कोट इंदूरला माझ्याकडे, ट्रंकेत.
परवा ऊन द्यायला बाहेर काढला आणि खिसे उलटे केले.
फोटोआधी हातातलं काही ठेवायचं असलं की
लोक त्यातच टाकायचे, आणि विसरायचे.
अर्धी सुपारी. एक बिडी, न पेटवलेली.
डाव्या खिशात शिसपेन्सिलीचा तुकडा, बहुतेक आमचाच.
आणि गौतमपुऱ्याच्या बसचं तिकीट,
शाई उडालेली,
जायचं की यायचं, वाचता येत नाही.