साडेतीन ग्रॅमची वलणी

आमच्या घरी रुपयाला कुणी रुपया म्हणत नाही.
भाऊ विचारतो, म्हणजे केळीचे किती घड,
शेडमधले विचारतात, किती लिटर पेट्रोल,
आई सगळं सोन्यात मोजते.
तोळा सत्तावीस हजार होता त्या वर्षी.

बूट आले. दोन ग्रॅम.
भुसावळच्या उन्हात कुरियरवाल्या पोरानं सही घेतली,
आईनं खोकं उघडलं, बूट वाकवून पाहिले,
"हे तं लेकराच्या मापाचे वं वैजू. वापस धाड."
असेच घालतात, म्हटलं, बोटं आखडून.
"म्हणजे पैसे देऊन
पाय दुखवून घ्यायचे?"
हो.

कमरेचा पट्टा, दीड ग्रॅम.
कॅराबिनर पगाराच्या पगाराला एकेक,
नगामागे अडीच गुंजा.
मी फिटर आहे. बारा वर्षं इंजिनांखाली झोपून नट आवळलेत,
धातू मला कुणी शिकवू नये,
तरी पहिला हातात आला तेव्हा
त्याचं फाटक रात्रभर उघडत-मिटत राहिले,
टिक्, टिक्,
पलीकडून आई ओरडली, पाल आहे का तिकडं.
अंगावर कोरलेलं : बावीस किलोन्यूटन,
म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास.
माझं वजन एकसष्ट किलो.
उरलेलं कुणाचं धरलंय
ते कुठं लिहिलं नव्हतं.

खडूच्या भुकटीपाशी मात्र मी अडले.
पुडीला साडेचारशे!
समोरचे भिरूड सर झेडपीच्या शाळेत,
त्यांनी डबाभर तुकडे दिले, फुकट,
ते वरवंट्यानं वाटले
आणि पाटणादेवीमागच्या कड्यावर
आठ फुटांवरून सरळ खाली येऊन बसले.
शाळेचा खडू अक्षर धरतो, माणूस नाही.
घेतली पुडी. आईला तीनशे सांगितले.

दोर सगळ्यात शेवटी.
साठ मीटर, निळा, साडेतीन ग्रॅम.
सोबत बारीक अक्षरांतली चिठ्ठी :
वापरा, न वापरा, दहा वर्षांनी हा बाद.
आईनं ती दोनदा वाचून घेतली माझ्याकडून.
बोलली काहीच नाही,
नुसती मनगटावरची पाटली फिरवत बसली.

रात्रपाळीत, वहीच्या मागच्या पानावर
मीही मांडून पाहिलं :
एकूण खर्च भागिले चढाया.
न पडता उतरलं तर दोराचे पैसे फुकट,
पडलं तर वसूल.
वसूल होऊ नये अशी आशा धरून
घेतलेली ही माझी पहिलीच वस्तू.

वसूल एकदाच झाले.
फेब्रुवारी, सकाळचे साडेआठ, दगड अजून गार,
एक कंगोरा हातात तसाच निघून आला
आणि मी पंधरा फूट.
खाली दोर धरून यावलचा सिकंदर तडवी,
एरवी औषधाच्या दुकानात गोळ्या मोजणारा,
तोही हातभर वर उचलला गेला.
दोघं झुलत होतो, वर मी, खाली तो,
आणि त्याचं पहिलं वाक्य :
"बाई, दोर बघ, दोर!"
माझा गुडघा नंतर बघितला आम्ही.
कड्याच्या कडेला घासून एका जागी
निळं आवरण पिंजलं होतं, आतलं पांढरं दिसत होतं.
त्या दिवसाची रक्कम वहीत कुठल्या बाजूला लिहायची
हे ठरलं नाही. पान कोरंच आहे.

आता तो गच्चीवर आहे.
टाकीच्या नळापासून जिन्याच्या कठड्यापर्यंत
आईनं बांधलाय, दुहेरी.
ओल्या गोधड्या टाकल्या की मधोमध खाली येतो,
जवळजवळ फरशीला टेकतो.
"इतका महाग दोर अन् त्याले झोल कायले?"
कसं सांगू, आई,
पैसे झोलाचेच होते.
ताठ दोर मिळतो की बाजारात, मीटरवर, स्वस्त.
तो पडणाऱ्याला थांबवतो, पण कमरेतून मोडून.

काल चिमटे लावता लावता
तिची बोटं त्या पिंजलेल्या जागी थांबली.
"इथं काय झालं वं?"
घासला, म्हटलं.
कुठं, किती, कसा,
काही विचारलं नाही तिनं.
फक्त तेवढी चार बोटं जागा सोडून
पुढचा चिमटा लावला.