हजाराचं चाक

बस्त्यांवच्या खाणावळीतून पिनबॉलचं मशीन आलं
तेव्हा पाय वेगळे, माशांच्या टोपलीत,
आणि धड टेम्पोत, ताडपत्रीखाली.
शालन दारातच उभी:
"ह्यां काय हाडल्यात? मड्याची पेटी?"
रुझार मान खाली घालून म्हणाला,
"आजो गेलो तेव्हापास्ना कोण खेळूक नाय.
भंगारवालो सातशे देता. तुमी फुकट न्हेवा."

वेंगुर्ल्याची हवा लोखंडाला
पंचवीस वर्षं सावकाश चाटत बसलेली.
झाकण उघडलं:
कुंभारणीची मातीची घरं सात,
एक वाळलेली पाल, सुपारीचं खांड
आणि तळाशी पावल्या,
नऊ रुपये पंचाहत्तर पैसे,
आता कुठलीच बँक न घेणारे.

मी टेलिफोन एक्स्चेंजात एकतीस वर्षं रिले घासले.
मग इलेक्ट्रॉनिक आलं. एका मंगळवारी
सगळ्या भिंती एकदम गप्प.
साहेबांनी नारळ दिला. खरोखरचा.
हातात घेऊन मी घरी आलो,
माडाखालून.

आणि आता या मशीनच्या पोटात तेच रिले,
तीच पाती, तेच कापडात गुंडाळलेल्या वायरींचे जुडगे.
मी चष्मा पुसला.

रिलेचे ओठ साफ करायला लग्नपत्रिकेची पट्टी लागते,
जाड, जराशी खरखरीत.
गिरपांच्या धाकटीची अख्खी पत्रिका संपली;
"आपली उपस्थिती प्रार्थनीय" घासून घासून काळी झाली.
नाण्याच्या फटीचं पितळ आमसुलानं उजळलं.
गोळीला देवीचे वण पडलेले,
नवी मिळाली ट्रॉलरच्या विंचच्या बेअरिंगात.
बूड वाळवीनं खाल्लेलं. होड्यांच्या म्हादू मेस्तानं
फणसाची फळी बसवली, उंडीचं तेल पाजलं,
म्हणाला, "आता दर्यात टाकलंस तरी तरंगतला."

आत एक ओळंबा आहे, कडीत लोंबणारा.
मशीन हलवलंत, तो कडीला टेकला,
की खेळ संपला.
गवंड्याचा असतो तसाच. फक्त हा रागीट.

राहिला आकडा.
काचेमागे चार चाकं: ४ ७ ३ ०.
त्याला वीज लागत नाही लक्षात ठेवायला.
कुणाचा? रुझारला माहीत नाही.
असेल एखाद्या खलाशाचा, बोट सुटायला तास असताना,
असेल बस्त्यांवचाच, गिऱ्हाईक गेल्यावर, दार ओढून.
बटण दाबलं की पुसलं जाणार.
मी तीन दिवस दुसरीच कामं काढली.

मशीन एकशेदहा व्होल्टचं, आमच्याकडे दोनशेतीस,
ते संध्याकाळी एकशेनव्वद.
ट्रान्सफॉर्मर गुंडाळला, देवाकडे बघितलं नाही,
दाबलं.
खडखड, एककाचं आधीच शून्य, दशकाचं फिरलं,
शतकाचं फिरलं,
हजाराचं जागचं हललंच नाही.

दोष कुठे आहे मला ठाऊक आहे.
डावीकडून सहावं पातं, नखाएवढी फट.
पाच मिनिटांचं काम.
स्क्रूड्रायव्हर हातात होता.

"काका, चार हजार आधीच आसत हो!"
"असू देत. खेळ."
रुझार सहा हजारांवर गेला आणि उत्साहानं ढकललं,
ओळंबा टेकला, सगळे दिवे विझले.
आतून शालन: "करंट गेलो?"

तेव्हापासून जो येईल तो
आधीच्याच्या हजारांवरून सुरुवात करतो.
कुणी तक्रार केलेली नाही.

परवा दुपारी पडलो होतो.
डोळा लागता लागता ऐकलं:
टक, टकटक, टक,
सावंतवाडीची लाईन लागावी तसं,
कुणीतरी कुठला तरी नंबर फिरवतंय, पुन्हा पुन्हा,
आणि पलीकडचं उचलत नाही.
मी उठलो नाही.

चहाच्या वेळी शालन तांदूळ निवडत बसलेली,
पदराला उंडीच्या तेलाचा वास.
मी जाताजाता काचेत पाहिलं.
सकाळी सहा होता.
आता नऊ.