बहुतेकांचा

अँटीबॉडी सापडली म्हणजे विषाणू असेलच असं नाही,
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुसरी टेस्ट करू.
निघालाच तर बारा आठवडे गोळ्या.
बहुतेकांचा जातो.
'बहुतेक' खिशात घालून
रुवीच्या उन्हात उभा राहिलो,
समोरची बस जाऊ दिली.

खोलीवर आधी माझा रेझर उचलला,
ब्रश, नेलकटर;
डब्यात भरून झाकणावर लिहिलं: मुनाफ.

रात्री एकाच थाळ्यात सहा जणांचे हात.
माझा मागेच.
हुरजूकने कागद वाचला होता.
"ताटातून नाय लागत," म्हणाला,
आणि सुरमईचा मधला तुकडा
माझ्याकडे लोटला.

मग श्रीवर्धनला फोन.
पगार, पोराची फी, गळका नळ, सगळं बोललो.
ठेवता ठेवता म्हटलं,
तूही एकदा रक्त तपासून घे.

पलीकडे
कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.