चार्ज

कोलशेतच्या डेपोत व्हॉलीबॉलचं जाळं उतरवलं
तेव्हा बारा गडी जमतच नव्हते;
आठ, मग पाच.
आता तिथं आमच्या स्कूटी लागतात.

मीच टाइप केलं ते पत्र:
जवानांची पदं एकतीस, रद्द.
लिपिकांची नऊ, नवीन.
टेबलं मावेनात,
दोन मग शस्त्रागारात मांडली.
रायफलींच्या खाचांत छत्र्या बरोब्बर बसतात.

शेवटचा उरला हवालदार गवस, देवगडकडचा.
चार्ज द्यायला आला:
किल्ल्या सात, विजेऱ्या दोन,
शिट्टी एक, दोरी नवीन.
'घेणारा कोण?'
रकान्यात मी माझंच नाव लिहिलं,
शालन भोईर, वरिष्ठ लिपिक.
तो टाचा जुळवून उभाच.
म्हटलं, बसा, चहा सांगते.
'पहारा बदलताना, मॅडम,
आधी समोरच्यानं बोलायचं असतं.'
काय बोलायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.
स्टेपलर खाली ठेवून
मी नुसती उभी राहिले.
'चालेल,' म्हणाला,
आणि सही करून गेला.

सहाला स्कूटी मागे घेताना
जाळ्याचा उरलेला खांब
आरशाला घासला.
घरी येऊन पाहते तर
शिट्टी पर्समध्येच.