वाक्यात उपयोग करा

सहामाहीचे पेपर तपासतोय. सदलगा, मराठी शाळा, सातवी.
प्रश्न तिसरा, ब : अर्थ लिहून वाक्यात उपयोग करा.
शब्द : गोमटा.

एकोणीस जणांनी लिहिलंय, सुंदर.
एकाने गायीचं काहीतरी.
वाक्यं सगळी माझीच, फळ्यावरची :
बाळ गोरेगोमटे आहे.
नवरा मुलगा गोरागोमटा आहे.
गोऱ्याला सोडून गोमटा एकटा
किती वर्षांत कुणाच्या वाक्यात आलेला नाही.

आणि ही त्रिशला सातगोंडा खोत.
हिच्या घरात बोलणं कन्नड, भांडण मराठी.
हिने लिहिलंय :
गोमटा म्हणजे एवढा उंच, की
अंघोळ घालायला माचाण बांधतात.
मी गेले तेव्हा
त्याच्या पायाच्या अंगठ्याएवढी होते.

फुली मारली. लाल, ठसठशीत.
मग खालचं वाक्य वाचलं :
माझा आज्जा गोमटा होता.

बाबगोंडा खोत. ओळखायचो की मी.
निपाणीच्या वखारीत तंबाखूचे बोद उचलायचा.
पाच फूटही भरला नसता,
रंगाने काळा, तोंडभर देवीचे वण,
सायकलवर बसला की पाय जमिनीला पोचायचे नाहीत.

शेवटच्या वर्षी अर्धं अंग गेलं.
शाळेला जाता-येता दिसायचं :
कट्ट्यावर लाकडी खुर्चीत बसवलेला,
सून मागून खांदे धरून,
आणि ही पोर स्टुलावर चढून
तांब्या सोडतेय डोक्यावरून,
सावकाश,
पाणी कानांमागून, वणांमधून, छातीवर, मांड्यांवर.
तो डोळे मिटून ताठ,
जागचा हलत नसायचा.
हलताच येत नव्हतं म्हणा.

कोश काढला. गोमटा, वि. : सुंदर, देखणा, नेटका. जुन्या कवितेत फार.
दक्षिणेला याच शब्दाचा म्हणे डोंगराएवढा दगड उभा राहिला,
कसा, ते पंडित अजून भांडतायत,
आणि त्याच्या पायाशी कोरलंय ते मराठीच.
आमच्याकडे मात्र तो खुरटला,
लग्नाच्या जाहिरातीत गोऱ्याच्या कडेवर बसून राहिला.

फुली खोडता येत नाही, पेपर वर जातात.
शेजारी लिहिलं : दोनपैकी दीड.

अर्धा कशाचा कापला
हे हेडमास्तर विचारतील.
मलाही सांगता यायचं नाही.