तेवीस किलो

मखमलाबाद नाक्यावर माझं रद्दीचं दुकान.
काटा मोठा, शंभर किलोचा,
शिक्का ह्याच वर्षीचा.
म्हणून लोक बॅगा घेऊन येतात,
रात्री, शटर अर्धं खाली आल्यावर,
जरा चोरट्यासारखे,
जणू भंगार नाही, काहीतरी ढापून आणलंय.

"भाऊ, तेवीसच्या आत बसते का बघा."

मी पेपरचे गठ्ठे सरकवतो,
बाहीनं काटा पुसतो,
बॅग हळूच आडवी करतो.
आकडा थरथरतो, मग ठरतो.
सव्वीस सातशे.

मग फुटपाथवरच चेन उघडते.

सुलक्षणा खैरनार, नर्स, जर्मनीला निघालेली.
कुठलं गाव ते मला म्हणता येत नाही,
तिलाही तेव्हा नीट येत नव्हतं.
तिनं आधी दोन साड्या काढल्या, मग चपला,
शब्दकोश काढला, ठेवला,
पुन्हा काढला, ठेवला.
शेवटी आईनं दिलेला पोळपाट.
लाटणं राहू दिलं.
काळ्या मसाल्याची बरणी मात्र
कोणी काही बोलायच्या आत स्वेटरात गुंडाळली.
वडील काट्याकडे बघत होते,
दवाखान्यात रिपोर्टकडे बघतात तसे.
बावीस नऊशे.
"झालं," ती म्हणाली,
आणि पोळपाटाला हात लावून तो हात छातीशी नेला.

पैसे घेत नाही मी. रद्दीला भाव आहे,
ह्याला काय लावू?

वसीम तांबोळी, सातपूरचा वेल्डर, कतारला गेला.
त्याची बॅग चौदाच भरली.
म्हटलं, अजून बरंच नेता येईल की रे.
तो हसला. "येताना लागेल ना जागा."

बाकड्यावर पेपर वाचत कोणी म्हणतं,
ह्या पोरांना इथलं काही गोड लागत नाही.
मी वाद घालत नाही.
म्हणतो, काका, जरा हात लावा, ही बॅग काट्यावर चढवू.
उचलताना माणूस गप्प होतो.

मागच्या फळीवर राहिलेलं सगळं आहे:
खलबत्ता, शाळेतली ढाल,
गंगेच्या पाण्याची सील केलेली बाटली,
आणि तो पोळपाट.
खाली खडूनं नावं. विकत नाही.
बायको म्हणते, रद्दीवाल्यानं वस्तू सांभाळायच्या,
मग दुकानदारी कोणी करायची?

परवा एक पोरगा आला, चंदेश्वर.
अंबडच्या कारखान्यात लागलाय,
गाव दरभंग्याच्याही पुढं, गाडी उतरून पुन्हा दोन तास.
तोडक्या मराठीत म्हणाला, "पोळपाट मिळेल? जुना चालेल."
"कुठला रे तू?"
मीच विचारलं, आणि माझाच आवाज मला ऐकू आला.
ह्याच सुरात माझ्या बापाला विचारलं असेल कोणी,
नांदगावहून हातगाडी ढकलत तो ह्या नाक्यावर थांबला तेव्हा.
ह्याच सुरात आत्ता, तिकडं थंडीत,
खैरनारांच्या पोरीला विचारत असेल कोणी,
आणि ती शब्द जुळवत उभी असेल.

मी स्टूल पुढं केलं. चहा सांगितला.
मग खैरनारांना फोन लावला.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
नंतर म्हणाले, "पोळ्या येतात का त्याला?"
मी चंदेश्वरकडे बघितलं.
"शिकतोय," तो म्हणाला.
"शिकतोय म्हणतो," मी सांगितलं.
"ती पण," खैरनार म्हणाले, आणि फोन ठेवला.

नाव पुसायला मी फडकं घेतलं,
त्यानं पोळपाट उलटा करून आधी वाचलं,
एकेक अक्षर सावकाश: सु-ल-क्ष-णा.
"राहू द्या," म्हणाला. "खालच्या बाजूला आहे."

पैसे विचारले त्यानं.
मी काट्याकडे बोट केलं, म्हटलं, काटा बंद आहे आज.
तो चालू होता. लाल शून्य दिसत होतं.
त्यानं ते बघितलं, काही बोलला नाही,
काखेत पोळपाट मारून
पेठ रोडच्या अंधारात गेला.