उन्हातला अभ्यास

रडार आणलं त्या उन्हाळ्यात पापा
लख्ख दिवशीसुद्धा ते लावून बसायचे.
बावीस फुटांची बोट, मॅकरेलचे चार गळ,
आणि टपावर तो पांढरा घुमट,
केकच्या डब्याएवढा.
धक्क्यावरून एर्वे ओरडायचा,
"तेओफान, देवाने डोळे दिलेत ना?"

पापा एकेक ठिपका जुळवून बघत.
ही घंटेची बोया.
हा खडक, भरतीला बुडतो, ओहोटीला उगवतो.
ही पलीकडच्या किनाऱ्याची फेरी.
मला वहीत लिहायला लावत :
अंतर, दिशा.
तीन मिनिटांनी पुन्हा अंतर, दिशा.
"ठिपका बाजूला सरकला, तर तो दुसऱ्या कुणाचा.
सरकला नाही, नुसता जवळ येत राहिला,
तर ओदील,
तो आपला."

ऑगस्टात फंडीच्या उपसागरात धुकं शिरलं.
आधी बोया गेली, मग बोटीचं नाक,
मग माझ्याच गळाचं टोक.
पडद्यावर तांदळाएवढा ठिपका.
दीड मैल. ईशान्य.
तीन मिनिटं मी घड्याळ धरून बसले.
एक मैल.
ईशान्यच.

पापा काही बोलले नाहीत.
भोंगा दिला, लांबलचक,
आणि सुकाणू उजवीकडे इतकं फिरवलं
की थर्मास लवंडला.
वहीतलं ते पान अजून तपकिरी आहे.

फेरी आम्हाला दिसलीच नाही.
पाणी काळपट झालं तेवढंच.
वर कुठेतरी एक मूल रडत होतं
आणि कांदा तळल्याचा वास आला,
इतक्या जवळून
की मला भूक लागली.
मग लाटा आल्या.

परतताना धुकं विरळ होत होतं.
एर्वेची लाकडी होडी शेजारून गेली, चाळीस हातांवरून.
तो मासा उंच धरून दाखवत होता.
मी हात हलवला.
पापा पडद्याकडे बघत राहिले.
तिथे कुणीच नव्हतं.

सोमवारी त्यांनी एर्वेला न विचारता
त्याच्या होडीत एक दांडा ठोकला,
वर पत्र्याची पाती एकमेकींत खोचून,
कंदिलासारखी, पण बिनउजेडाची.
एर्वे आला. मान वर करून उभा राहिला.
"कुरव बसतील यावर."
"बसू देत."

पैसे विचारले नाहीत त्याने.
दांडा काढलाही नाही.